‘जर्मनीत असं नसतं’ : घरबसल्या जर्मन शिकणाऱ्या मुलांचं नेमकं काय बदलतं?

लातूरच्या एका वडिलांचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: मुलगा दोन वर्षं घरूनच, मोबाइल-लॅपटॉपवर जर्मन शिकतोय. बी१ (भाषेच्या ए१ ते सी२ अशा सहा पातळ्यांपैकी तिसरी) झालं, बी२ची तयारी चालू आहे, पुढे तिकडे व्यवसाय-प्रशिक्षणाला जायचंय. हल्ली घरात कशावरही ‘जर्मनीत असं नसतं’ म्हणतो. आजीशी बोलणं कमी झालंय, गावाकडच्या लग्नांना यायला कुरकुर करतो. ऑनलाइन शिकल्यामुळे मुलं आपल्या संस्कृतीपासून तुटतात का? वर्गात बसून शिकला असता तर वेगळं झालं असतं का?

मी पुण्यात जर्मन शिकवते. आधी फक्त वर्गात, २०२० पासून बहुतांश ऑनलाइन. त्यामुळे माझ्याकडे आता नांदेड, जळगाव, चंद्रपूर, सोलापूर असे विद्यार्थी असतात, जे पूर्वी पुण्यात खोली करून राहिल्याशिवाय जर्मनच्या वाटेला जाऊ शकत नव्हते. हा ऑनलाइनचा मोठा उपकार आहे, तो आधी मान्य करते.

लग्नाच्या कंटाळ्याचा जर्मनशी संबंध जोडू नका. विशी-बाविशीतली मुलं गावच्या लग्नांना कंटाळतातच, जपानी शिकोत नाहीतर तबला. ‘जर्मनीत असं नसतं’ हे वाक्य मात्र माझ्या ओळखीचं आहे. वर्गातल्या मुलांच्या तोंडीही ते यायचं, साधारण बी१च्या आसपास. फरक इतकाच, की वर्गात कुणी ते म्हटलं की मागच्या बाकावरून लगेच ‘आला मोठा जर्मन!’ असा आवाज यायचा, मग तास संपल्यावर चहाच्या टपरीवर अर्धा तास वाद व्हायचा. कुणाचा तरी भाऊ फ्रँकफुर्टला असायचा, तो तिथल्या घरभाड्याच्या, परदेशी लोकांच्या कचेरीतल्या रांगांच्या कहाण्या सांगायचा. अशा घासाघाशीत मत थोडं गुळगुळीत व्हायचं. हेडफोन लावून एकट्यानं शिकणाऱ्याला ही घासाघाशी मिळत नाही. त्याला सहा महिन्यांपूर्वी पटलेली गोष्ट तशीच्या तशी पटलेली राहते, आणि यूट्यूब तर तीच पुन्हा पुन्हा समोर आणून ठेवतं.

पण माझ्या मते खरा मुद्दा पडद्याचा नाही, तुलना कुठे उभं राहून केली जाते याचा आहे.

तुमचा मुलगा ज्या व्हिडिओंवरून, ॲपवरून शिकतो त्यातले बहुतेक इंग्रजीतून आहेत. ते बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतला किंवा इंग्लंडमधला विद्यार्थी आहे. म्हणून तिथे पहिल्याच धड्यात सांगतात: घाबरू नका, पण जर्मनमध्ये तीन लिंगं असतात! आता तो, ती, ते म्हणत मोठ्या झालेल्या पोराला यात घाबरण्यासारखं काय आहे? विभक्ती तो सातवी-आठवीत शिकलेला असतो. जर्मनमध्ये गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं म्हणून इंग्रजीभाषक कपाळावर हात मारतात. मराठीत ते एरवीही बहुधा शेवटीच असतं. म्हणजे ज्या ठिकाणी आपला विद्यार्थी दोन पावलं पुढे असायला हवा, तिथे त्याला आपण मागे आहोत असं वाटायला शिकवलं जातं. मी हे तासाला उघड सांगते आणि व्याकरणाचं स्पष्टीकरण शक्य तिथे मराठीतून देते. ‘जर्मनच्या तासाला मराठी कशाला?’ अशी तक्रार पालकच करतात, विद्यार्थी कधी करत नाहीत.

संस्कृतीच्या बाबतीतही हेच घडतं. ‘जर्मन लोक घरात बूट काढतात’ हे कुणाला नवल वाटेल? अमेरिकन माणसाला. आपला मुलगा ते नवल म्हणून पाठ करतो. थोडक्यात, तो जर्मनीकडे अमेरिकेच्या खिडकीतून बघतो, आणि नकळत स्वतःच्या घराकडेही त्याच खिडकीतून बघायला लागतो. ‘आपल्याकडे लोक न सांगता घरी येतात’ हे वाक्य त्याच्या तोंडी तक्रार म्हणून येतं ते त्यामुळे. न सांगता येणारी आत्या त्याला कालपर्यंत खटकत नव्हती.

यात परीक्षेचा हात किती आहे, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या ग्योथे इन्स्टिट्यूटच्या बी१ परीक्षेत, बोलण्याच्या भागात एक छोटं सादरीकरण असतं. पाच चौकटी दिलेल्या असतात: विषय सांगा, स्वतःचा अनुभव सांगा, तुमच्या मायदेशात काय परिस्थिती आहे ते सांगा, फायदे-तोटे आणि मत सांगा, समारोप करा. तिसरी चौकट बघा. एकोणीस वर्षांच्या मुलाला अख्ख्या देशाचा प्रवक्ता करून टाकलंय. ‘इन माइनेम हाइमाटलांड’, म्हणजे माझ्या मायदेशात, अशी सुरुवात करून त्याला प्लास्टिकवर, मोबाइलवर, म्हाताऱ्या माणसांवर एका दमात बोलायचं असतं, तेही मोजक्या शब्दांत. मग मुलं काय करतात? व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर तयार उत्तरं फिरत असतात, ती पाठ करतात. त्या उत्तरांत भारत एकच असतो: माझ्या देशात लोकांना पर्यावरणाची जाणीव नाही, माझ्या देशात लोक वेळ पाळत नाहीत, जर्मनीत मात्र सगळं शिस्तीत असतं. कारण ‘आमच्याकडे वाईट, तुमच्याकडे चांगलं’ हे सोप्या व्याकरणात बसतं. ‘आमच्याकडे भंगारवाला दारात येऊन रद्दी, बाटल्या विकत घेतो, म्हणून आमच्या घरातून काच-कागद कचऱ्यात जात नाही’ हे सांगायला कर्मणी प्रयोग लागतो, शब्दसंग्रह लागतो. जे वाक्य चाळीस वेळा पाठ केलं ते हळूहळू मत होऊन बसतं. तुमच्या घरात ऐकू येणारं ते वाक्य कदाचित परीक्षेच्या तयारीतूनच आलेलं असेल.

याहून आधी, ए१लाच, आणखी एक गोष्ट घडते. तिथे स्वतःची ओळख करून द्यायची असते आणि त्यासाठी कार्डावर शब्द छापलेले असतात: नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद. माणसाची ओळख सात खणांत. मी अनेक वर्षं ऐकत आलेय की ‘भाषा’ या खणात मुलं काय भरतात. इंग्रजी असतेच, हिंदी असते, मराठी कधी असते कधी नसते. अहिराणी, वऱ्हाडी, गोरमाटी, मालवणी हे कुणी आपणहून सांगत नाही. विचारलं तर हसतात. ‘ती काय भाषा आहे का मॅडम?’ राहण्याच्या ठिकाणीही तसंच. परभणीजवळच्या खेड्यात बसून ऑनलाइन तास करणारी मुलगी सांगते, मी पुण्यात राहते.

मग येतो ‘माझं घर’ हा धडा: बैठकीची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकघर, बाल्कनी. वर्गात मुलं खुशाल चार खोल्यांचं घर रचायची, कुणाला पत्ता नसायचा. ऑनलाइनमध्ये खरी खोली मागे दिसते. कपड्यांची दोरी, कणीक मळणारी आई, मधूनच डोकावणारा धाकटा भाऊ. म्हणून कॅमेरे बंद होतात. संस्थाचालकांना वाटतं मुलं लक्ष देत नाहीत. बऱ्याचदा मुलं घर लपवत असतात. कोथरूडच्या फ्लॅटमधला विद्यार्थी कॅमेरा लावून बोलतो, त्याला जास्त बोलायला मिळतं, त्याला जर्मन लवकर सफाईनं बोलता येतं. मी आता या धड्यात खोल्या विचारतच नाही. ‘तुमच्या घरात सकाळी सहा वाजता कोण काय करतं’ असं विचारते. त्याला उत्तर सगळ्यांकडे असतं, आणि एका खोलीच्या घरात तर जास्तच असतं. कॅमेऱ्याची सक्तीही करत नाही.

आता ज्या जर्मनीचं तुमचा मुलगा कौतुक करतो, तिच्याबद्दल थोडं. वक्तशीरपणाचंच घ्या. जर्मन रेल्वेच्या स्वतःच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्या जेमतेम ६२.५ टक्के वेळा वेळेवर होत्या. आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर धरलाच जात नाही. हा आकडा मी बी१च्या वर्गात सांगते तेव्हा दोन प्रतिक्रिया येतात. काहींना आनंद होतो, ‘म्हणजे तेही आपल्यासारखेच!’ काहींना वाईट वाटतं. दोन्ही मला फारशा कामाच्या वाटत नाहीत. कामाचा प्रश्न पुढचा आहे: गाडी उशिरा आली की तिथला प्रवासी नेमकं काय करतो, कुणाला दोष देतो, कुठल्या शब्दांत? तक्रारीचं जर्मन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि फलाटावर अनोळखी माणसाशी बोलायला त्याच्याइतका सोपा विषय नाही. पाठ्यपुस्तकातली गाडी वेळेवर येते, म्हणून विद्यार्थ्याला हे जर्मन कधी भेटतच नाही.

तुमच्या मुलाला नेमकं कुठे जायचंय हे तुम्ही लिहिलं नाही. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी करार केल्यापासून बरीच मुलं तिकडचाच विचार करतात. सुरुवातीला दहा हजार तरुण पाठवायचं ठरलं होतं. तिकडेच जाणार असेल तर त्यानं आजपासून एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ॲपवरचं जर्मन तिथे रस्त्यावर कमी ऐकू येईल. त्यातला मोठा भाग श्वाबेन लोकांचा मुलूख आहे आणि त्यांची बोली प्रमाण जर्मनपासून चांगलीच लांब आहे. १९९९ मध्ये या राज्यानं स्वतःची जाहिरात केली तेव्हा घोषवाक्य काय निवडलं असेल? ‘आम्हाला सगळं येतं. फक्त प्रमाण जर्मन येत नाही.’ मर्सिडीज आणि बॉश ज्या राज्यातून निघाल्या, त्यानं आपली बोली अशी मिरवली आणि ही जाहिरात वीसेक वर्षं चालली.

ही माहिती वर्गात दिल्यावर जे होतं ते मला ऑनलाइन शिकवण्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. पुण्यातल्या बंद वर्गात माझ्याकडे एकाच तऱ्हेची मराठी बोलणारी मुलं असायची. इतर होती ती वर्गात गप्प राहून तशीच बोलायला शिकायची. आता एकाच पडद्यावर खानदेश, मराठवाडा, कोकण असतं. श्वाबेनची क्लिप ऐकवून मी म्हणते, हे वाक्य प्रमाण जर्मनमध्ये सांगा, आणि मग तुमच्या घरच्या बोलीत सांगा. पहिल्यांदा शांतता. मग कुणीतरी माइक चालू करून अहिराणीत सांगतं आणि वर्ग मोकळा होतो. यानंतर ‘भाषा’ या खणात अहिराणी लिहिणारे विद्यार्थी मी पाहिलेत. परदेशी भाषेमुळे मुलं मुळापासून तुटतात असं म्हणणाऱ्यांनी हेही बघावं.

एक इशारा मात्र. ‘जर्मन लोकसुद्धा बोलीचा अभिमान बाळगतात, म्हणून आपणही बाळगू’ हे पुन्हा त्यांच्याकडून प्रमाणपत्र घेणंच झालं. मला हे ग्युंटर सोन्टहायमर यांच्याबद्दल सांगताना नेहमी जाणवतं. हायडेलबर्ग विद्यापीठातले हे अभ्यासक मराठी शिकले, धनगरांबरोबर हिंडले, त्यांच्या ओव्या गोळा केल्या, खंडोबा-बिरोबावर आयुष्यभर काम केलं. मुलं ऐकून चकित होतात, आणि लगेच जेजुरीची किंमत वाढते, कारण एक जर्मन तिथे आला होता! मी तेव्हा मुद्दाम माक्स म्युलरचं नाव काढते. भारतातल्या ग्योथे इन्स्टिट्यूटला ज्याच्या नावानं आपण माक्स म्युलर भवन म्हणतो, तो ऋग्वेद संपादित करणारा थोर पंडित आयुष्यात एकदाही भारतात आला नव्हता. ऑक्सफर्डला बसून त्यानं मनात एक भारत उभा केला. लांबून शिकणं म्हणजे काय आणि जवळ जाऊन शिकणं म्हणजे काय, याची ही दोन माणसं मला पुरतात. तुमचा मुलगा सध्या म्युलरच्या जागी आहे. ती जागा वाईट नाही, फक्त तिथून गावातला चिखल दिसत नाही.

मग लांब असूनही जवळ कसं जायचं? खऱ्या माणसांशी बोलून. यावर ऑनलाइन शिक्षणातलं जुनं आणि चांगलं संशोधन आहे. ज्यूली बेल्त्स आणि सेलेस्ट किंजिंजर यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतले जर्मन आणि फ्रेंच शिकणारे विद्यार्थी त्या त्या देशांतल्या समवयस्कांशी इंटरनेटवरून लिहीत-बोलत होते. पुस्तकात अरे-तुरे आणि अहो-जाहोचे नियम वाचलेले असूनही ते बरोबरीच्या पोरांना अहो-जाहो करत राहिले. समोरच्यानं जेव्हा आपणहून सांगितलं, ‘अरे, मला असं परक्यासारखं बोलू नकोस’, तेव्हा कुठे ते बदलायला लागलं. नियम पुस्तकातून कळला होता. त्यातला दुरावा माणसाकडून कळला.

आपल्या मुलांची अडचण याच्या उलट असते. अहो-जाहो त्यांना जन्मतः येतं, पण ते वयावर आणि नात्यावर चालतं. जर्मनीत कामाच्या ठिकाणी पंचावन्न वर्षांची वरिष्ठ परिचारिका पहिल्याच आठवड्यात म्हणते, मला नावानं हाक मार, अरे-तुरे कर. आमच्या मुलांची जीभ वळत नाही. त्यांना ते उद्धटपणाचं वाटतं, आणि तिला वाटतं हा मुलगा अंतर ठेवून वागतोय. इथे मी त्यांना सांगते, तुम्ही आईला ‘अगं’ म्हणता तेव्हा तिचा अपमान करता का?

दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातला, १९९७ पासूनचा, ‘कल्चुरा’ नावाचा. अमेरिकन आणि फ्रेंच विद्यार्थ्यांना एकच प्रश्नावली: काही शब्द वाचून काय आठवतं, काही अर्धी वाक्यं पुरी करा, अमुक प्रसंगात काय कराल. प्रत्येकानं आपापल्या भाषेत लिहायचं, मग दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून चर्चा. यातली आपापल्या भाषेत लिहिण्याची अट मला फार शहाणपणाची वाटते. परक्या भाषेत माणूस येतं तेवढंच बोलतो. स्वतःच्या भाषेत वाटतं ते बोलतो. मी याचा एक घरगुती अवतार चालवते. ‘रविवार’ या शब्दाला जर्मनीतून आलं: शांतता, दुकानं बंद, फिरायला जाणं. आमच्याकडून: मटण, कपडे धुणं, एमपीएससीचा पेपर. ‘शेजारी’ला तिकडून आवाज, जिना आणि सुट्टीत झाडांना पाणी घालायला दिलेली किल्ली, आमच्याकडून वाटीभर साखर आणि पार्किंगवरून भांडण. जिना का, म्हणून आमच्यातल्या एकीनं विचारलं. तर कळलं की श्वाबेनमध्ये जिना आणि फाटकासमोरचा रस्ता झाडायची भाडेकरूंची आठवड्याची पाळी असते, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते, आणि ती चुकवणाऱ्याला शेजारी सोडत नाहीत. लालबागच्या चाळीत वाढलेल्या एका विद्यार्थ्यानं यावर जे तपशीलवार प्रश्न विचारले, तितके व्याकरणावर कधी विचारले नव्हते. असं दहा मिनिटं बोलणं झालं, की ‘जर्मनीत असं नसतं’ म्हणायला मुलं बिचकतात. जर्मनीत कुठे, कुणाच्यात, हे विचारायची सवय लागते.

मुलींबद्दल एक वेगळं निरीक्षण. ‘मला वाटतं की…’ हे जर्मन वाक्य शिकल्यावर काही मुली घरात बसून, आई-वडील शेजारी असताना, लग्नाबद्दल, नोकरीबद्दल, एकटं राहण्याबद्दल जे बोलतात ते मराठीत त्या घरात बोलू शकल्या नसत्या. कुणाला कळत नाही ही सोय असते. मराठीत ज्या गप्प, त्या जर्मनमध्ये ठाम. याला मुळापासून तुटणं म्हणायचं का? मी म्हणणार नाही.

तुमच्या मुलासाठी तीन गोष्टी सुचवते. बी२च्या तयारीत म्हातारपण, कुटुंब, आरोग्य हे विषय येतातच. त्याला सांगा, टेलिग्रामवरचं उत्तर बाजूला ठेव आणि आजीची मुलाखत घे: तिच्या लहानपणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कोण बघायचं, दवाखाना किती लांब होता, पैसे कुणाच्या हातात असायचे. मग ते जर्मनमध्ये लिहून काढ. परीक्षकासमोर दहा जणांच्या तोंडून तीच ‘मायदेशातली परिस्थिती’ ऐकू येत असताना हा एक वेगळा उठून दिसेल, हा त्यातला स्वार्थी फायदा.

दुसरं, भाषेच्या देवाणघेवाणीसाठी एखादा जर्मन जोडीदार शोधावा, मिळतात. वेळेचा हिशेब आधी करावा: उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपले रात्रीचे दहा. अर्धा वेळ जर्मन, अर्धा वेळ त्याला हवी ती भाषा. बहुधा इंग्रजी, पण थोडी मराठी शिकवायचा आग्रह धरायला हरकत नाही. पहिल्या दोन-तीन भेटी अवघडलेल्या जातात, तेवढ्यावरून सोडू नये. आणि भारताबद्दल विचारलं तर ‘आमच्या देशात’ अशी सुरुवात टाळून ‘आमच्या घरात’ किंवा ‘लातुरात’ असं म्हणावं.

तिसरं, जाणार असेल त्या भागाचा रेडिओ. नैऋत्य जर्मनीसाठी ‘एसडब्ल्यूआर’चं (SWR) स्थानिक प्रसारण इंटरनेटवर फुकट ऐकता येतं. रोज पंधरा-वीस मिनिटं, समजलं नाही तरी चालेल. श्वाबेनमध्ये एक म्हण आहे, की ओरडा बसला नाही म्हणजे कौतुकच झालं समजा. पहिल्या वर्षी वरिष्ठांकडून शाबासकी न मिळाल्यानं खचलेली मुलं मला फोन करतात, तेव्हा मी हीच म्हण ऐकवते. तुमच्या मुलाला ती जायच्या आधीच ठाऊक असलेली बरी.